सकाळी अकराची नाकाबंदी, संध्याकाळी सातचे अपघात

माणकाठ

गेल्या महिन्यात आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर दोन पोरं गेली. एक २२ वर्षांचा, दुसरा १९. उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती. टायर फुटला म्हणून चालक ट्रॅक्टर सोडवून टायर घेऊन तालुक्याला गेलेला. ट्रॉली निम्मी डांबरावर, निम्मी साइडपट्टीवर. मागे दिवा नाही, रेडियम नाही. चाकांना दगड लावलेले आणि मागे दहा पावलांवर बाभळीची फांदी टाकलेली, एवढंच. पोरं मोटरसायकलवर मागून आली ती थेट ट्रॉलीखाली गेली. वेळ संध्याकाळी सव्वासात.

त्याच रस्त्यावर त्याच दिवशी सकाळी अकराला नाकाबंदी होती. मी दवाखान्यात निघालो होतो. माझी गाडी थांबवून लायसन, विमा, पीयूसी बघितलं. अंमलदार पोरगा नीट बोलला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रात्री त्या ट्रॉलीपाशी उभा होतो तेव्हा डोक्यात एकच फिरत होतं. सकाळची ती जीप आणि ती दोन माणसं संध्याकाळी सहाला या फाट्यावर असती, तर ट्रॉली अंधार पडायच्या आत कुणीतरी बघितली असती.

मी ३२ वर्षे पोलीस खात्यात होतो. बरीचशी ग्रामीण ठाण्यांत, शेवटची ९ महामार्ग पोलिसांच्या मदत केंद्रावर. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हा हा धागा पोलिसांना शिव्या घालायला काढलेला नाही. मी त्यातलाच आहे, आणि जे लिहितोय त्यातलं निम्मं मी स्वतः चुकीचं केलेलं आहे.

मदत केंद्रावर असताना मी एक वही ठेवायचो. सरकारी नव्हे, माझी. जीव गेलेल्या अपघाताचा पंचनामा झाला की चार ओळी लिहायच्या: कुठं, किती वाजता, कोणती वाहनं, हेल्मेट होतं का, दारू होती का. निवृत्त झाल्यावर ती वही सलग वाचून काढली. सकाळी १० ते १२ च्या नोंदी शोधाव्या लागल्या. दिवेलागणीनंतरच्या नोंदींनी पानंच्या पानं भरलेली. जागाही त्याच त्याच. तेच वळण, ढाब्यासमोर लोकांनी फोडलेला तोच दुभाजक, तोच फाटा.

देशाचं चित्रही वेगळं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. देशातल्या या मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात झाले. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग केले तर सर्वात जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या भागात पडतात, जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९. यातले १४ हजारांवर मागे बसलेले होते. मागे बसणारीच्या हेल्मेटचा कुणी विचारच करत नाही आपल्याकडं. नवऱ्याच्या डोक्यावर टोपी तरी असते, हिच्या डोक्यावर पदर.

वेगाचं एक गणित मी नवीन पोरांना रस्त्यावर खडूनं आखून दाखवायचो. ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. मग ब्रेक लागून थांबायला आणखी २३-२४. एकूण पन्नासेक मीटर. ८० ला हेच अंतर ७५ मीटर होतं. आता मोटरसायकलचा डिपर किती लांब दाखवतो? चिखलानं माखलेली काच असेल तर ४० मीटरसुद्धा नाही. ४० मीटर धरा. ६० नं येणारा ट्रॉलीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ३५ च्या आसपास उतरलेला असतो. ८० नं येणारा आदळतो तो ७० च्या वर! रस्ता तोच, ट्रॉली तीच, पोरगंही तेच. एक हाडं मोडून घरी येतो, दुसरा येत नाही. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याचा अर्थ मला त्या खडूच्या रेघांवरून कळला.

मग नाकाबंदी सकाळी अकराला का? मी स्वतः वर्षानुवर्षे ती तशीच लावली म्हणून सांगू शकतो. सकाळी उजेड असतो, माणसं सुरक्षित असतात. अंधारात हायवेवर हात करून उभं राहणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ आहे, आमची माणसं अशी गेलेली आहेत. संध्याकाळी ठाण्यात भांडणं येतात, यात्रा-जत्रेचा बंदोबस्त असतो, आणि पन्नासेक गावांना माणसं मोजकीच. पण सर्वात मोठं कारण हे की वरून विचारणा व्हायची ती केसेस किती केल्या याची. केसेस सकाळी पटापट होतात. कागद नसलेला माणूस सकाळीही सापडतो. मरणारा माणूस सापडायचा तर संध्याकाळी उभं राहावं लागतं.

एकदा एका गाळप हंगामात आम्हाला एक अधिकारी असे लाभले की त्यांनी माझी वही मागून घेतली, वाचली, आणि ज्या फाट्यावर सर्वात जास्त नोंदी होत्या तिथं रोज साडेसहा ते साडेआठ एक गाडी उभी करायला लावली. निळा-लाल दिवा चालू, बॅरिकेडला रेडियम, अंगात चमकणारी जाकिटं. कागद बघायचेच नाहीत. फक्त चार गोष्टी: हेल्मेट, ट्रिपल सीट, दारू, आणि मागे दिवा नसलेलं वाहन. पहिल्या आठवड्यात लोक चिडले. तिसऱ्या आठवड्यात पोरं फाट्याच्या अलीकडं थांबून हेल्मेट घालायला लागली. दुसऱ्या महिन्यात घरूनच घालून यायला लागली. दंड तोच होता, एक रुपया वाढला नव्हता. फरक इतकाच की "आज धरतीलच" याची खात्री झाली होती. त्या हंगामात त्या फाट्याची एकही नोंद वहीत नाही. साहेबांची बदली झाली, गाडी परत सकाळवर गेली, आणि पुढच्या हंगामात नोंदी परत सुरू झाल्या.

ट्रॉलीचं तर याहून सोपं आहे. रस्त्यावर शंभर ट्रॉल्या शोधत फिरायची गरजच नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर येतेच. रिकामी होऊन बाहेर पडते तीही एकाच फाटकातून. तिथं दोन माणसं उभी करा. मागे रेडियम आणि चालू दिवा असल्याशिवाय फाटकाबाहेर सोडायचं नाही. महिनाभरात अख्खा तालुका चमकायला लागेल.

तुमच्या भागात काय चालतं ते लिहा. ग्रामसभेत मांडण्यासारखं काही असेल तर जरूर लिहा, मला आमच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचाय.

नाडीपरीक्षा

काका, मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. तुमची वही आणि आमचं रजिस्टर शेजारी ठेवलं तर ओळी जुळतील. आम्ही तर संध्याकाळी सातला ड्रेसिंगचा ट्रे भरून ठेवतो, कारण आता येणार हे माहीत असतं.

मोटरसायकलवाल्याला मारते ती बहुतेक वेळा डोक्याची जखम. आमच्याकडे सीटी स्कॅन नाही, मेंदूचा सर्जन नाही. श्वास चालू ठेवायचा, रक्त थांबवायचं, सलाइन लावायचं आणि सिव्हिलला पाठवायचं. त्या प्रवासातच काही जातात. म्हणून हेल्मेटचा विषय आला की मी हातघाईवर येते. चांगल्या हेल्मेटनं डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची ४२ टक्क्यांनी कमी होते, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. माझ्याकडं असं एकही औषध नाही जे इतकं करतं.

दुसरं, रुग्ण आणतात कसा हे बघून जीव तुटतो. जीपच्या मागच्या सीटवर दुमडून, मान लोंबकळत. कृपया हे घरातल्या सगळ्यांना सांगा: मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार जणांनी उचला. रक्त वाहतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं काढून बघू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जातं. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर मान सरळ ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. आणि १०८ ला फोन करताना गावाचं नाव सांगून थांबू नका, फाटा, किलोमीटरचा दगड, पूल, मंदिर काय असेल ते सांगा. अँब्युलन्स अंधारात पुढं निघून गेल्याचं मी कितीदा ऐकलंय.

एक प्रश्न. जखमीला आणून सोडणारे लोक अजूनही दारातूनच पळतात. नाव सांगितलं की कोर्टाच्या फेऱ्या लागतात म्हणे. हे आता राहिलंय का?

माणकाठ

डॉक्टर ताई, नाही राहिलं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला आणणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्यानं ठरवायचं. तो हवं तर लगेच निघून जाऊ शकतो. पण हे गावात कुणाला ठाऊक नाही, आणि खरं सांगतो, आमच्यातल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नाही. तुमच्या रुग्णालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात हे लिहून लावता आलं तर बघा.

नाडीपरीक्षा

लावते. त्याशेजारीच मे २०२५ पासूनच्या योजनेचंही लिहिते. अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत पैसे न भरता उपचार मिळतात. नातेवाईक आधी पैसे जमवायला गावात परततात आणि तोपर्यंत वेळ गेलेली असते.

डबल_ट्रॉली

मी ट्रॅक्टरवाला हाय. वाचून वाईट वाटलं. पण आमचीबी बाजू ऐका.

रेडियम लावत न्हाई असं न्हाई. लावतो. फडातनं भरलेली ट्रॉली वढून काढताना मागनं चिखुल उडतो, दुसऱ्या दिवशी रेडियम दिसत न्हाई. उसाच्या शेंड्याची वाढं लोंबत असत्यात ती त्यावर येत्यात. दिव्याची वायर ट्रॉली जोडताना-सोडताना तुटती. दोन ट्रॉल्या असल्या की मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर टिकतच न्हाई. कारखान्यावर नंबरात दहा-बारा तास बसून माणूस झोपंला आल्याला असतो. ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर, तोडणीच्या टोळीला दिल्याली आगाऊ उचल डोक्यावर. अशात टायर फुटला की माणूस फकस्त टायर बघतो. चूकच हाय, मान्य हाय.

काट्यावर अडवा म्हणता, तर अडवा. पण एकट्यादुकट्याला अडवू नका, त्याचा नंबर जातो आन् दुसरा फुडं जातो. समद्यांना एकच नियम करा. आन् हंगामाच्या आधी करार करताना कारखान्यानंच परत्येक ट्रॉलीमागं दोन बॅटरीवर उघडझाप करणारं लाल दिवं आन् एक तिकोनी फलक द्यावा, पैसं वाहतुकीच्या बिलातनं कापावं. वायरचं झंजाटच नको. आमच्या वळखीच्या धा जणांनी असलं दिवं घेतल्यात, चुंबकानं चिकटत्यात.

माणकाठ

दादा, हे माझ्या डोक्यात नव्हतं. वायर टाळून बॅटरीचा दिवा, आणि करारातच अट. ग्रामसभेच्या ठरावात तुमचे हे शब्द घेतो. चिखलाचंही खरं आहे. काट्यावर वजन झाल्यावर एक पाण्याचा पाइप आणि फडकं ठेवलं तर रेडियम पुसून निघेल, अर्ध्या मिनिटाचं काम.

आडवाट

सगळं पटलं, पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. संध्याकाळी ढाब्याच्या अलीकडं गाडी उभी राहिली की दारू प्यालेला माणूस पैसे देऊन सुटतो. माझ्या डोळ्यांसमोर सुटलाय. तो पुढं गेला आणि मला वाटलं की आता हा कुणाच्या तरी अंगावर जाणार. अशी नाकाबंदी संध्याकाळी लावून काय उपयोग? उलट कमाईची वेळ बदलेल.

माणकाठ

तुम्ही पाहिलंय ते खोटं म्हणणार नाही. असं होतं, आणि त्याची लाज मला वाटते. पैसे घेऊन दारूवाल्याला सोडणं ही माझ्या मते खात्यातली सर्वात वाईट गोष्ट, कारण त्यात पुढच्या माणसाचा जीव विकला जातो.

यावर मला जे चालताना दिसलं ते सांगतो. एकाच ठाण्याची माणसं एकाच जागी कायम नकोत. पोलीस ठाणं, आरटीओचं वायुवेग पथक आणि उत्पादन शुल्क खातं अशी तिघांची माणसं एकत्र असली की कुणी एकटा व्यवहार करू शकत नाही. प्रत्येक फुंकीची नोंद मशीनमध्ये राहते, तिचा हिशोब चालानांशी दुसऱ्या दिवशी जुळवला पाहिजे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य आलं की कलम १८५ लागतं, तिथं तडजोडीला जागाच नाही, पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि गावचा पोलीस पाटील तिथं उभा असला तर फार फरक पडतो. गावाच्या माणसासमोर हात पसरायला माणूस बिचकतो.

दारूचं दुकान हटवण्याचाही प्रयोग झाला होता, आठवत असेल. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली, मग २० हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केलं, नंतर आणखी सवलती आल्या. आमच्या रस्त्यावरचं दुकान आत सरकलं. पिणारा आत जाऊन पिऊन परत रस्त्यावरच आला. म्हणून मी म्हणतो, दुकानाशी भांडण्यात वर्षं घालवण्यापेक्षा गाडीवर बसलेल्याला थांबवा.

यारातीर

मी मूळची वाईची, १४ वर्षं मेलबर्नला आहे. इथं व्हिक्टोरिया राज्यात पोलीस दारूसाठी कुणालाही, काहीही संशय नसताना थांबवून फुंकायला लावू शकतात. १९७६ पासून हे चालू आहे. रस्त्याकडेला मोठी बस उभी असते, लोक तिला बूझ बसच म्हणतात. रांगेतली गाडी आली की फुंका आणि जा, कागदांची विचारपूस नाही. सीट बेल्टची सक्तीही जगात सर्वात आधी याच राज्यानं १९७० मध्ये केली. त्या वर्षी इथं रस्त्यावर १,०६१ माणसं गेली होती. आज गाड्या कितीतरी पट वाढूनही आकडा अलीकडची बरीच वर्षं ३०० च्या आत आहे.

मला काकांच्या लिहिण्यातली "आज धरतीलच" ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली, कारण इथं मी स्वतः तेच अनुभवते. सासरे पहिल्यांदा आले तेव्हा रात्री जेवणानंतर त्यांनी सहज विचारलं, "एक ग्लास घेतलास तर काय होतं?" आणि माझ्या नवऱ्यानं क्षणभरही विचार न करता किल्ली माझ्याकडं दिली. त्याला दंडाची रक्कम पाठ नाही. बस कुठंही उभी असू शकते एवढंच त्याला ठाऊक आहे.

पण इथंही शहराबाहेरचे रस्ते हाच अवघड भाग आहे. लांब, सरळ, १०० ची मर्यादा, कडेला झाडं. माणसाला डुलकी लागते. म्हणून इथं बऱ्याच ठिकाणी कडेला आणि मधोमध तारांचे दोर बसवलेत, गाडी झाडावर किंवा समोरच्या गाडीवर जायच्या आधी दोर तिला अडवतो. नुसत्या पोलिसांनी सगळं होत नाही.

गाळवणी

यारातीर ताईंच्या शेवटच्या वाक्यावर लिहितो. मी रस्त्याच्या कामावर २० वर्षं आहे.

काका, पोलीस संध्याकाळी उभे राहिले तरी काही जागा पोलिसांच्या हाताबाहेरच्या असतात. खंबाटकी घाट उतरल्यावरचं एस वळण घ्या. एप्रिल २०१८ मध्ये तिथं मजुरांचा टेम्पो उलटून १८ जण गेले. अशी वळणं पावती फाडून सरळ होत नाहीत, ती कापावी लागतात.

आणि आपल्या राज्यमार्गांचा एक रोग आहे, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो, साइडपट्टी मात्र भरली जात नाही. मग डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर पायरी तयार होते. समोरून ट्रक आला म्हणून मोटरसायकलवाला खाली उतरतो, परत वर चढायला हँडल वळवतो, चाक कडेला घासतं आणि तो थेट ट्रकच्या पुढ्यात पडतो. पंचनाम्यात लिहिलं जातं "हयगयीने व अविचाराने वाहन चालवून". काका, राग मानू नका, पण ते तुम्हीच लिहायचात. एकाही पंचनाम्यात मी "साइडपट्टी आठ इंच खाली" असं वाचलेलं नाही. लिहिलं असतं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली ठेकेदार आणि अभियंत्यालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, निदान तसा प्रश्न तरी आला असता.

ब्लॅक स्पॉटची व्याख्याही आपल्या गावरस्त्यांना लागू पडत नाही. साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले तर राष्ट्रीय महामार्गावर ती जागा यादीत येते. आमच्याकडं एका वळणावर तीन वर्षांत तिघं गेले. यादीत नाही. पुढच्या फाट्यावर दोन. यादीत नाही. मरण विखुरलेलं आहे म्हणून पैसा येत नाही.

माणकाठ

गाळवणी, राग कसला. बरोबर पकडलंत. ते छापील वाक्य माझ्या हातानं शेकडो वेळा लिहिलंय. फिर्याद कुणाविरुद्ध तरी हवी असते, आणि रस्त्याला आरोपी करायचं कुणी शिकवलं नाही. आता घटनास्थळाची माहिती मोबाइलवर भरायची पद्धत आलीय, तीत रस्त्याचे रकानेही आहेत. ते रकाने पोरं भराभरा टिचक्या मारून संपवतात. माझी भाच्याला, तोही खात्यात आहे, एकच विनंती असते की टेप सोबत ठेव. साइडपट्टीची पायरी मोज आणि आकडा लिही.

विखुरलेल्या मरणासाठी तर गावाची वही हवी. पोलीस पाटलानं ठेवावी. यादीत जागा नसली तरी त्या वळणावर रंबलर (गाडी हादरवणारे उंचवटे), पांढरे पट्टे आणि कडेची झुडपं तोडणं हे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढं मांडता येतं. कलेक्टर तिचे अध्यक्ष असतात.

फौजी_खटाव

सध्या पंजाबात आहे. इथल्या सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये रस्त्यांसाठी वेगळं पोलीस दल काढलं, सडक सुरक्षा फोर्स. १४४ गाड्या, साधारण दर ३० किलोमीटरला एक, गाडीत प्रथमोपचाराचं सामान आणि शिकवलेली माणसं. अपघात झाला की काही मिनिटांत पोचतात. मृत्यू जवळपास निम्म्यानं घटल्याचं सरकार सांगतं. आकडा किती खरा ते अभ्यासक बघतील, पण रात्री रस्त्यानं जाताना दिवा लावून उभी असलेली गाडी मी डोळ्यांनी बघतो आणि ड्रायव्हर आपोआप पाय काढतो. त्यांना दुसरा बंदोबस्त देत नाहीत, हे मला मुख्य वाटतं.

माणकाठ

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. माणसं वेगळी ठेवली तरच संध्याकाळ मोकळी मिळते.

टाळकरी

एक विनंती माझीही. ३१ ऑक्टोबर २०२२ ला संध्याकाळी सांगोल्याजवळ जुनोनी इथं कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली, ७ वारकरी गेले. आषाढीच्या मोठ्या पालख्यांना बंदोबस्त असतो. कार्तिकी-माघीच्या छोट्या दिंड्यांना कुणी नसतं, चाळीस-पन्नास माणसं आणि एक टेम्पो. आमच्या दिंडीत तेव्हापासून नियम केलाय: सूर्य मावळला की चालायचं नाही, मुक्काम अलीकडं. शेवटच्या चार जणांच्या अंगात रेडियमची जाकिटं आणि टेम्पो पुढं नाही, मागं. ज्या दिंड्या अजून करत नाहीत त्यांनी करा, माउली.

सुगंधाची_लेक

मी इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा भाऊ २०२३ च्या पावसाळ्यात रात्री कामावरून येताना गेला. गाडी ठोकून निघून गेली, ती कुठली होती ते आजपर्यंत कळलं नाही. ठाण्यात "तपास चालू आहे" एवढंच सांगतात. वहिनी आणि दोन लहान मुलं आमच्याकडं आहेत. गाडीच सापडली नाही तर काहीच मिळत नाही, असं गावातल्या एकानं सांगितलं, म्हणून आम्ही परत कुठं गेलो नाही. काका, हे खरं आहे का?

माणकाठ

नाही बाळ, खरं नाही. गाडी सापडली नाही तरी मिळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १६१. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत अज्ञात वाहनानं मृत्यू झाला तर वारसांना २ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर ५० हजार. तुझ्या भावाचा अपघात त्यानंतरचा आहे. यासाठी कोर्टात किंवा वकिलाकडं जायची गरज नाही. अर्ज तुमच्या भागाच्या महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडं करायचा असतो.

एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वहिनीचं आधार आणि बँकेचं पासबुक, वारस असल्याचा कागद, एवढं जमव. ठाण्यातून एक पत्र लागेल की वाहन व चालक निष्पन्न झालेले नाहीत. ते लेखी अर्ज देऊन माग, पोच घे. "तपास चालू आहे" असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी द्या म्हणावं.

सुगंधाची_लेक

एफआयआर आणि दाखला आहे. शवविच्छेदनाचा कागद आमच्याकडं नाही, दादाच्या कागदांच्या पिशवीत असेल तर बघते. सोमवारी वहिनीला घेऊन तहसीलला जाते.

माणकाठ

पिशवीत नसला तरी घाबरू नकोस, ठाण्याच्या फायलीत त्याची प्रत असतेच. सोमवारी आधी ठाण्यात जा, मग तहसीलला, म्हणजे एकच फेरी होईल. अडलं तर तिथूनच इथं लिही. मी दिवसभर फोन बघतो.

नाडीपरीक्षा

ताई, शवविच्छेदन ज्या रुग्णालयात झालं तिथूनही अर्ज करून प्रत मागता येते. तारीख आणि भावाचं नाव पुरेसं आहे.